शेड्यूल लागलंय, पण स्कॅन चालतोय का? पासवर्डचे नियम आणि नगर जिल्ह्यातल्या सहकारी संस्था

पतसंस्था असो की छोटी सहकारी बँक, कॉम्प्युटरच्या तपासणीत दोन प्रश्न बहुतेक वेळा येतात. पासवर्ड ठरावीक मुदतीत बदलता का? आणि अँटिव्हायरसचा स्कॅन ठरलेल्या वेळी आपोआप होतो का? दोन्हींपुढे 'होय' लिहिलं जातं, आणि लिहिणारा खोटं बोलत नसतो. अडचण अशी की पहिलं 'होय' ज्या दिवशी खरं होतं, त्याच दिवशी दुसरं अनेकदा खोटं पडतं. पासवर्ड बदलला जातो, स्कॅनच्या शेड्यूलमध्ये मात्र जुनाच साठवलेला राहतो. रात्री ठरल्या वेळी स्कॅन सुरू व्हायला जातो, विंडोज त्याला आत घेत नाही, आणि सकाळी ऑफिस उघडल्यावर कोणाला त्याचा पत्ता नसतो. स्क्रीनवर लाल खूण नाही, बीप नाही, काही नाही.

हा लेख या बिघाडाबद्दल आहे. तो दुरुस्त करायला अर्धा तास पुरतो, पण महिनोन् महिने लक्षात येत नाही म्हणून तो महागात पडू शकतो. आणि नगर जिल्ह्यासाठी (आता कागदोपत्री अहिल्यानगर) हा विषय इतर ठिकाणांपेक्षा जास्त जवळचा आहे.

नगर जिल्हाच का?

आपल्या जिल्ह्याचा पैसा सहकारातून फिरतो. लोणीजवळ प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभा केलेला कारखाना आशियातला पहिला सहकारी साखर कारखाना म्हणून ओळखला जातो. त्यानंतर कारखाने, दूध संघ, जिल्हा बँक, नागरी बँका, पतसंस्था आणि गावोगावच्या विकास सोसायट्या असं जाळं तयार झालं. यातल्या प्रत्येकाकडे आज कॉम्प्युटर आहेत. सोसायट्यांच्या बाबतीत तर केंद्र सरकारने २९ जून २०२२ रोजी देशभरातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणाला मंजुरी दिली, त्यासाठी तेव्हा २,५१६ कोटी रुपयांची योजना होती. म्हणजे कालपर्यंत ज्या सचिवाचं काम खतावणीवर चालायचं, त्याच्या टेबलावर आता इंटरनेटला जोडलेली मशीन आहे, आणि तिचं युजरनेम-पासवर्ड सांभाळायची जबाबदारीही त्याच्यावरच आहे.

नियमांच्या बाजूने बघितलं तर इथे दोन वेगळी जगं आहेत. नागरी सहकारी बँका रिझर्व्ह बँकेच्या कक्षेत येतात. रिझर्व्ह बँकेने त्यांच्यासाठी १९ ऑक्टोबर २०१८ ला सायबर सुरक्षेची प्राथमिक चौकट दिली आणि ३१ डिसेंबर २०१९ ला बँकेच्या डिजिटल व्यवहारांच्या व्याप्तीप्रमाणे चार पातळ्यांची सविस्तर चौकट आणली. पतसंस्था मात्र राज्याच्या सहकार खात्याकडे नोंदलेल्या असतात. रिझर्व्ह बँकेची ही चौकट त्यांना लागू नाही आणि बँकेतल्या ठेवीला मिळणारं पाच लाखांपर्यंतचं विमा संरक्षणही त्यांच्या ठेवींना नाही. नगर अर्बन बँकेचा परवाना ४ ऑक्टोबर २०२३ ला रद्द झाला. त्याचा सायबर हल्ल्याशी संबंध नव्हता, पण ठेव अडकणं म्हणजे काय असतं हे त्यानंतर या जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही. जिथे विमाच नाही, तिथे कॉम्प्युटरमधल्या बिघाडाचा फटका थेट ठेवीदाराला बसू शकतो.

सहकारी बँका हल्लेखोरांना माहीत आहेत

'आपल्याकडे कोण येतंय हॅक करायला' हे वाक्य तालुक्याच्या ठिकाणी फार ऐकू येतं. त्याचं उत्तर शेजारच्याच जिल्ह्यात आहे. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस सहकारी बँकेतून दोन दिवसांत सुमारे ९४ कोटी रुपये गेले. ११ ऑगस्टला, शनिवारी, क्लोन केलेल्या कार्डांनी परदेशातल्या आणि देशातल्या एटीएममधून पैसे काढले गेले. मग १३ तारखेला स्विफ्ट यंत्रणेतून जवळपास १४ कोटी हाँगकाँगच्या खात्यात वळवले गेले. पैसे काही तासांत गेले, पण बँकेच्या सिस्टीममध्ये मालवेअर त्याआधीच शिरलेलं होतं. शिरकाव आणि चोरी यांच्यामध्ये जो वेळ असतो, त्याच वेळात मालवेअर सापडावं म्हणून आपण स्कॅन लावतो.

दुसरं उदाहरण जुलै २०२४ चं. सी-एज टेक्नॉलॉजीज ही कंपनी प्रामुख्याने सहकारी आणि ग्रामीण बँकांना तंत्रज्ञान पुरवते. तिच्या काही यंत्रणांवर रॅन्समवेअरचा हल्ला झाला आणि ३१ जुलैला एनपीसीआयने खबरदारी म्हणून कंपनीला पेमेंट नेटवर्कपासून तात्पुरतं तोडलं. देशभरातल्या सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे यूपीआय आणि एटीएमचे व्यवहार अडकले. या बँकांनी स्वतः काही चुकीचं केलेलं नव्हतं. पण एका पुरवठादाराच्या मशीनमध्ये झालेली गडबड शेकडो गावांच्या एटीएमपर्यंत पोचते, हे त्या दोन दिवसांत दिसलं.

स्कॅन चालू असता तर हे हल्ले टळले असते, असा माझा दावा नाही. स्कॅन हा अनेक कड्यांपैकी एक. पण जी कडी आपण कागदावर 'आहे' म्हणून दाखवतो, ती खरंच असावी एवढं तर मागता येईल.

स्कॅनलाही लॉगिन लागतं

आता मूळ तांत्रिक मुद्दा. विंडोजमध्ये कुठलंही काम कोणाच्या तरी नावाने चालतं. तुम्ही टॅली उघडता तेव्हा ते तुमच्या अकाउंटच्या नावाने चालतं. रात्री दोन वाजता खुर्चीत कोणी नसताना स्कॅन चालवायचा असेल, तर तोही कोणाच्या तरी नावानेच चालणार. हे काम टास्क शेड्यूलर नावाची सोय करते. टास्क बनवताना 'युजर लॉगिन असो वा नसो, चालव' हा पर्याय निवडला की विंडोज त्या अकाउंटचा पासवर्ड विचारतं आणि साठवून ठेवतं. पुढे दर वेळी त्या साठवलेल्या पासवर्डने लॉगिन करून काम सुरू होतं.

विंडोजमधला मायक्रोसॉफ्ट डिफेंडर या भानगडीत सापडत नाही, कारण त्याचा स्कॅन 'सिस्टीम' नावाच्या अंतर्गत अकाउंटवर चालतो आणि त्याला पासवर्डच नसतो. पण काही अँटिव्हायरस शेड्यूल लावताना युजरनेम-पासवर्ड मागतात. कोणी बॅच फाइल लिहून स्कॅन लावलेला असतो. कोणाला सर्व्हरवरचा किंवा नेटवर्कवरच्या डिस्कवरचा डेटा तपासायचा असतो. अशा सगळ्या ठिकाणी स्कॅन एखाद्या माणसाच्या अकाउंटला बांधला जातो, आणि मग तो माणूस पासवर्डचं जे काही करेल त्याचा परिणाम स्कॅनवर होतो.

बिघाडाचे प्रकार साधारण पाच.

पहिला, अकाउंटला पासवर्डच नाही. काउंटरवरच्या मशीनला 'कशाला पासवर्ड, सगळेच वापरतात' म्हणून तो ठेवलेला नसतो. विंडोजमध्ये एक्सपीच्या काळापासून एक धोरण डीफॉल्टने चालू आहे: रिकामा पासवर्ड असलेल्या लोकल अकाउंटने फक्त मशीनसमोर बसूनच लॉगिन करता येतं. शेड्यूल्ड टास्क समोर बसलेला नसतो, म्हणून त्याला नकार मिळतो.

दुसरा, पासवर्ड बदलला किंवा त्याची मुदत संपली. विंडोजच्या डोमेनमध्ये पासवर्डची डीफॉल्ट मुदत ४२ दिवस आहे. संस्थेने ती ९० केलेली असू शकते. माणसाला नवा पासवर्ड टाकायची सूचना येते आणि तो टाकतो. टास्कमधला साठवलेला पासवर्ड मात्र आपोआप बदलत नाही. 'सहा आठवडे नीट चालला आणि मग बंद पडला' अशी तक्रार ऐकली की मी आधी हेच तपासतो.

तिसरा, पिन आणि पासवर्ड यांतला गोंधळ. नवीन लॅपटॉपवर आपण चार-सहा आकड्यांचा पिन टाकून आत जातो. टास्क बनवताना तोच पिन पासवर्डच्या रकान्यात टाकला जातो. पिन फक्त त्या मशीनसमोर बसून लॉगिन करण्यासाठी असतो, टास्कला अकाउंटचा खरा पासवर्ड लागतो. मायक्रोसॉफ्ट अकाउंट वापरणाऱ्या अनेकांना तो आठवतही नाही, कारण मशीन घेतल्या दिवसानंतर तो कधी लागलेलाच नसतो.

चौथा, पासवर्ड बरोबर आहे पण हक्क नाही. पार्श्वभूमीवर काम चालवण्यासाठी अकाउंटला 'लॉग ऑन ॲज अ बॅच जॉब' हा वेगळा अधिकार लागतो. ॲडमिनिस्ट्रेटर गटाकडे तो असतो, साध्या युजरकडे असेलच असं नाही. सुरक्षा कडक करताना डोमेनच्या धोरणातून हा अधिकार काढला गेला की कालपर्यंत चालणारे टास्क आज थांबतात.

पाचवा, अकाउंट लॉक होणं. टास्क दिवसातून एकदाच जुना पासवर्ड टाकत असेल तर फार बिघडत नाही. पण तो दर मिनिटाला पुन्हा प्रयत्न करत असेल, तर ठरावीक चुकांनंतर अकाउंट कुलूपबंद होतं. विंडोज ११ च्या २२एच२ आवृत्तीपासून नव्या इन्स्टॉलेशनमध्ये दहा चुकीच्या प्रयत्नांनंतर दहा मिनिटं लॉक हे डीफॉल्टच आहे. मग सकाळी कॅशियर मॅडमना लॉगिन होत नाही, सगळे म्हणतात 'पासवर्ड विसरल्या', आणि खरा गुन्हेगार रात्रीचा टास्क असतो.

याशिवाय एक कारण पासवर्डचं नाहीच. संध्याकाळी ऑफिस बंद करताना मेन स्विच खाली ओढायची आपल्याकडे पद्धत आहे. मशीनच बंद असेल तर रात्री दोनचा स्कॅन कोण चालवणार? तपासणीला बसल्यावर हे आधी विचारून घ्यावं, म्हणजे उगाच पासवर्ड बदलत बसायला नको.

स्वच्छ रिपोर्टचा धोका

वरचं सगळं एका मशीनवरच्या अँटिव्हायरसबद्दल झालं. बँकांमध्ये दुसऱ्या प्रकारचा स्कॅनही असतो: व्हल्नरेबिलिटी स्कॅन, म्हणजे कुठल्या मशीनवर कोणता पॅच राहिला, कोणतं सॉफ्टवेअर जुनं आहे, कुठली सेटिंग कमकुवत आहे याची तपासणी. नेटवर्कवरचं एक सॉफ्टवेअर प्रत्येक मशीनमध्ये लॉगिन करून आतून बघतं. नेसस आणि ओपनव्हास ही यातली माहितीतली नावं.

या स्कॅनच्या अकाउंटचा पासवर्ड बदलला की जे होतं ते अँटिव्हायरसच्या बिघाडापेक्षा वाईट आहे. स्कॅन थांबत नाही. तो मशीनच्या बाहेरूनच उघडे पोर्ट वगैरे बघतो आणि 'पूर्ण' म्हणून संपतो. आतले राहिलेले पॅच त्याला दिसतच नाहीत. त्यामुळे रिपोर्टमधल्या त्रुटींची संख्या कमी होते. मागच्या वेळी खूप त्रुटी होत्या, या वेळी मोजक्याच आहेत, हे वाचून संचालक मंडळाच्या सभेत समाधान व्यक्त होतं. प्रत्यक्षात सुधारणा शून्य असते, फक्त डॉक्टरने या वेळी पेशंटला दारातूनच बघितलेलं असतं.

म्हणून असा रिपोर्ट हातात आला की त्रुटींच्या तक्त्याआधी एक ओळ शोधायची: लॉगिन करून तपासणी झाली का, होय की नाही. नेससच्या रिपोर्टमध्ये ही माहिती १९५०६ क्रमांकाच्या नोंदीत 'क्रेडेन्शियल्ड चेक्स' या नावाने असते. लॉगिन फसलं असेल तर २१७४५ क्रमांकाची नोंद सांगते की आतल्या तपासण्या झाल्याच नाहीत. या नोंदी 'माहिती' या सर्वात खालच्या गटात असतात, लाल-केशरी रंगात नसतात, म्हणून त्या वाचल्या जात नाहीत.

जागतिक नियमांनीही ही फट ओळखली आहे. कार्ड व्यवहार हाताळणाऱ्यांसाठी असलेल्या पीसीआय डीएसएसच्या चौथ्या आवृत्तीत अंतर्गत स्कॅन लॉगिन करूनच व्हायला हवा ही अट आली आणि ३१ मार्च २०२५ पासून ती सक्तीची झाली. त्याच नियमावलीत, ज्या अकाउंटला फक्त पासवर्डचंच संरक्षण आहे त्याचा पासवर्ड ९० दिवसांत बदला, किंवा अकाउंटवर सतत लक्ष ठेवणारी व्यवस्था असू द्या, असंही आहे. स्कॅनचा नियम आणि पासवर्डचा नियम एकाच पुस्तकात आहेत. त्यांची सांगड घालणं ही वापरणाऱ्याची जबाबदारी.

पासवर्ड वारंवार बदलायलाच हवा का?

इथे मूळ नियमाकडेही बघायला हवं. मोठी लिपी, छोटी लिपी, आकडा, चिन्ह आणि ठरावीक दिवसांनी बदल, ही पद्धत आपल्या अंगवळणी पडली आहे. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या जुन्या मार्गदर्शक सूचनांचा ती रुजण्यात मोठा वाटा होता. त्याच संस्थेने २०१७ मध्ये मुदतीप्रमाणे पासवर्ड बदलायला लावू नका, असा सल्ला दिला. २०२५ मध्ये आलेल्या चौथ्या आवृत्तीत तर भाषा आणखी कडक झाली: मुदतीप्रमाणे बदल लादायचा नाही, चिन्ह-आकड्यांची सक्ती करायची नाही, फुटल्याचा पुरावा असेल तेव्हा मात्र बदलायलाच लावायचा. पासवर्ड हेच एकमेव संरक्षण असेल तर किमान १५ अक्षरं. मायक्रोसॉफ्टनेही २०१९ मध्ये विंडोज १० च्या आपल्या सुरक्षा शिफारशींतून पासवर्डच्या मुदतीची अट काढली.

कारण सोपं आहे. दर तीन महिन्यांनी बदल मागितला की माणूस नवा पासवर्ड तयार करत नाही, जुन्याला शेपूट लावतो. 'नगर@१२३' हा पासवर्ड कुठल्याही जुन्या नियमात बसतो: पहिलं अक्षर कॅपिटल, बाकी छोटी, मध्ये चिन्ह, शेवटी आकडे. पुढच्या तिमाहीत तो 'नगर@१२४' होतो. २०२४ मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे बदललं, त्यानंतर 'अहिल्यानगर@१२३'. हल्लेखोराला यातला एक कळला की पुढचे चार त्याने ओळखले.

पण म्हणून कोणी उद्या जाऊन मुदत काढून टाकू नये. तुमच्या संस्थेवर ज्या नियामकाचा नियम आहे तो पाळावाच लागतो. मुद्दा एवढाच की हा नियम माणसासाठी बनलेला आहे. माणसाला 'नवा पासवर्ड टाका' अशी सूचना येते, तो वाचतो, टाकतो. यंत्राला सूचना वाचता येत नाही. माणसाचा नियम यंत्राच्या कामाला लावला की ते काम गपचूप मरतं.

जे उपाय करू नयेत

ओळखीतल्या एका पतसंस्थेतली मशीन मी बघितली तेव्हा शाखाधिकारी म्हणाले, "शेड्यूल तर लावलेलंय की, दर शुक्रवारी." शेड्यूल खरंच होतं. ते ज्या क्लार्कच्या नावाने होतं, तो बदली होऊन दुसऱ्या शाखेत गेलेला आणि त्याचं अकाउंट नियमाप्रमाणे बंद केलेलं. अकाउंट बंद करणाऱ्याचं बरोबर होतं, शेड्यूल लावणाऱ्याचंही त्याच्या परीने बरोबर होतं. दोघांच्या कामाची सांगड कोणी घातली नव्हती. आता यावर तिथे सुचवले गेलेले उपाय बघा, कारण ते सगळीकडे सुचवले जातात.

एक, 'रिकाम्या पासवर्डवरची बंदीच काढून टाका'. स्कॅन चालेल, पण त्या अकाउंटने नेटवर्कवरूनही पासवर्डशिवाय आत येता येईल. घरफोडी शोधायला नेमलेल्या माणसासाठी दारच काढून ठेवण्यासारखं हे आहे.

दोन, 'साहेबांच्या ॲडमिन अकाउंटवर टास्क टाका आणि पासवर्डची मुदत कायमची बंद करा'. म्हणजे सर्वात ताकदवान अकाउंटचा पासवर्ड कधीच बदलणार नाही आणि तो प्रत्येक मशीनच्या टास्कमध्ये साठवलेला असेल. एका मशीनवर हल्लेखोराला ॲडमिनचे हक्क मिळाले की साठवलेले पासवर्ड बाहेर काढणारी साधनं त्याच्याकडे असतात.

तीन, 'दर तीन महिन्यांनी हाताने बदलत जाऊ'. पहिल्या वेळी लक्षात राहतं. मार्चअखेरच्या गडबडीत राहत नाही.

मग करायचं काय

एका मशीनवरचा, त्याच मशीनच्या डिस्कवरचा स्कॅन असेल तर टास्क 'सिस्टीम' अकाउंटवर चालवा. टास्कच्या गुणधर्मांत युजर बदलून सिस्टीम निवडायचं. पासवर्ड लागत नाही, मुदत संपत नाही, क्लार्कची बदली झाली तरी फरक पडत नाही. तुमचा अँटिव्हायरस हा पर्याय देत नसेल तर पुरवठादाराला विचारा.

नेटवर्कवरचा डेटा तपासायचा असेल तर सिस्टीम पुरणार नाही. त्यासाठी फक्त स्कॅनचं वेगळं अकाउंट बनवा. लांबलचक, कोणाला पाठ नसलेला पासवर्ड, समोर बसून लॉगिन करायला मनाई, बॅच जॉबचा अधिकार, आणि लागेल तेवढाच प्रवेश. संस्थेत डोमेन असेल तर ग्रुप मॅनेज्ड सर्व्हिस अकाउंट ही सोय विंडोज सर्व्हर २०१२ पासून आहे. त्यात पासवर्ड डोमेन स्वतः तयार करतं, डीफॉल्टने दर ३० दिवसांनी बदलतं आणि ज्या मशीनला परवानगी आहे तिलाच तो मिळतो. माणसाला पासवर्ड माहीतच नसतो. पासवर्ड बदलण्याचा नियमही पाळला जातो आणि स्कॅनही चालू राहतो. व्हल्नरेबिलिटी स्कॅनरला मात्र सहसा साधंच अकाउंट द्यावं लागतं. तिथे एक क्रम लिहून ठेवा: पासवर्ड बदला, स्कॅनरमध्ये नवा टाका, एका मशीनवर चाचणी स्कॅन घ्या, 'लॉगिन झालं' ही ओळ बघा, मग रजिस्टरला नोंद.

सध्याचा स्कॅन का फसतोय हे शोधायचं असेल तर टास्क शेड्यूलर उघडा आणि 'लास्ट रन रिझल्ट' हा रकाना बघा. तिथे शून्य असेल तर टास्क सुरू होऊन संपला. लांब कोड असेल तर त्याची शेवटची तीन अक्षरं बघा:

- ५२ई: युजरनेम किंवा पासवर्ड चुकीचा. बदललेला पासवर्ड किंवा पिन टाकल्याची शक्यता.
- ५२एफ: अकाउंटवर निर्बंध. बहुतेक वेळा रिकामा पासवर्ड.
- ५३२: पासवर्डची मुदत संपली.
- ५३३: अकाउंट बंद केलेलं.
- ५६९: बॅच जॉबचा अधिकार नाही.
- ७७३: पुढच्या लॉगिनला पासवर्ड बदलणं बंधनकारक केलेलं.
- ७७५: अकाउंट लॉक झालेलं.
- ४डीडी: 'युजर लॉगिन असेल तेव्हाच' हा पर्याय निवडलेला, आणि त्या वेळी कोणी लॉगिन नव्हतं.

टास्कची हिस्टरी अनेक मशीनवर बंद असते, ती उजव्या बाजूच्या यादीतून सुरू करा. मग इव्हेंट व्ह्यूअरमध्ये १०१ म्हणजे टास्क सुरू होऊ शकला नाही आणि १०४ म्हणजे लॉगिन फसलं अशा नोंदी मिळतील. सिक्युरिटी लॉगमध्ये फसलेल्या लॉगिनची नोंद सुरू असेल तर ४६२५ शोधा. त्यात लॉगऑन टाइप ४ दिसला तर तो माणूस नाही, शेड्यूल्ड टास्क आहे. डिफेंडर वापरत असाल तर त्याच्या लॉगमध्ये १००० म्हणजे स्कॅन सुरू, १००१ म्हणजे पूर्ण, १००५ म्हणजे फसला. १००० आहे पण १००१ नाही, अशी जोडी अर्धी दिसली तर स्कॅन मध्येच थांबतोय.

मेन स्विचचा प्रश्न असेल तर वेळ जेवणाच्या सुट्टीची ठेवा, किंवा 'वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव' हा पर्याय निवडा.

विचारायचं कोणी?

संचालक मंडळातल्या बहुतेकांना टास्क शेड्यूलर माहीत नसणार, आणि असायची गरजही नाही. त्यांनी प्रश्न मात्र बदलायला हवा. 'स्कॅन लावलाय का?' याचं उत्तर नेहमीच 'होय' येतं. 'प्रत्येक मशीनवर शेवटचा यशस्वी स्कॅन कोणत्या तारखेला झाला?' याला तारखच सांगावी लागते. तारीख दोन महिन्यांपूर्वीची निघाली की बाकी चौकशी आपोआप सुरू होते.

हाच प्रश्न तपासणीच्या नमुन्यातही यायला हवा. चार पातळ्यांच्या चौकटीमुळे बँकांमध्ये हे थोडंफार विचारलं जातं. पतसंस्थांना तशी चौकट नाही, पण कायदा त्यांच्यापर्यंत दुसऱ्या वाटेने पोचतो आहे. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि त्यातल्या मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर १८ महिन्यांनी लागू होतात. माहिती सुरक्षित ठेवण्यासाठी वाजवी उपाय केले नाहीत तर कायद्यात २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पतसंस्थेकडे सभासदाचा आधार, पॅन, मोबाइल, वारसाचं नाव, सोनेतारणाचा तपशील असं सगळं असतं. उद्या माहिती फुटली तर 'शेड्यूल लावलेलं होतं' हे उत्तर पुरेल असं मला वाटत नाही.

जिल्ह्यातल्या पतसंस्थांचे महासंघ आणि सहकार खातं यांना हे स्वस्तात करता येण्यासारखं आहे. एक पानी तक्ता पुरे: मशीनचं नाव, स्कॅन कोणत्या अकाउंटवर चालतो, शेवटच्या यशस्वी स्कॅनची तारीख. दुसऱ्या रकान्यात माणसाचं नाव दिसलं की ते बदलायचं. तिसऱ्या रकान्यातली तारीख पंधरा दिवसांपेक्षा जुनी असली की कारण लिहायचं. मासिक सभेच्या विषयपत्रिकेत या तक्त्याला पाच मिनिटं द्यावीत, आणि मशीन सांभाळणाऱ्याने तो स्क्रीनवर बघून भरावा, आठवून नाही.